मारिमारची इस्टेट आणि बहिणीचे हक्कसोडपत्र

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी गांभीर्याने लिहिणे हे मराठी समीक्षेत अजूनही काहीसे कमीपणाचे मानले जाते. अभ्यासक्रमात कुटुंबकथेचा इतिहास हरिभाऊ आपट्यांपासून सुरू होतो आणि बहुधा ग्रामीण कादंबरीपाशी येऊन थांबतो. प्रत्यक्षात तो तिथे थांबलेला नाही. ज्या घरांतून आपले विद्यार्थी वर्गात येतात त्या घरांत, नांदेडच्या वजिराबादेत असो की लातूरजवळच्या एखाद्या खेड्यात, रोज संध्याकाळी तो पुढे चालू असतो. प्रस्तुत लेखात आम्ही या चालू इतिहासातील एकच धागा उचलणार आहोत. मेक्सिकोच्या कुटुंबकलहप्रधान मालिकेत सोसणाऱ्या नायिकेला अखेरीस इस्टेट मिळते. मराठी मालिकेत चांगली स्त्री इस्टेटीवर पाणी सोडून आपला चांगुलपणा सिद्ध करते. दोन्ही कथाप्रकार दिसायला सख्ख्या बहिणींसारखे आहेत आणि त्यांच्यात एक ऐतिहासिक नातेही आहे. मग हा फरक का पडला, आणि जिथे भाऊबंदकी म्हणजे मुख्यतः जमिनीचा तंटा आहे त्या मराठवाड्यात या फरकाचा अर्थ काय होतो, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

आधी मेक्सिकोकडे पाहू. तिथे या कथाप्रकाराला 'तेलेनोव्हेला' म्हणतात; शब्दशः दूरचित्रवाणीवरची कादंबरी. मेक्सिकोतील पहिली तेलेनोव्हेला 'सेंदा प्रोइबिदा' ही १९५८ साली प्रक्षेपित झाली. तिच्यामागे कोलगेट-पामोलिव्ह या साबण-दंतमंजनाच्या कंपनीचे प्रायोजकत्व होते. गृहिणीने रोज ठराविक वेळी पडद्यासमोर बसावे आणि मधल्या वेळेत साबणाची जाहिरात पाहावी, असा हा व्यवहार होता. या प्रकाराच्या घडणीत क्यूबाच्या नभोनाट्यांचाही वाटा मोठा आहे. फेलिक्स काइन्येत यांचे 'जन्माचा हक्क' अशा अर्थाच्या शीर्षकाचे नभोनाट्य १९४८ मध्ये हवानाहून प्रसारित झाले आणि पुढे अनेक देशांत त्याची चित्रपट व मालिका-रूपे झाली. हे शीर्षक लक्षात ठेवण्याजोगे आहे. लॅटिन अमेरिकन मेलोड्रामाच्या मुळाशी जन्माचा आणि त्यातून येणाऱ्या हक्काचा प्रश्न आहे. मूल कोणाचे, नाव कोणाचे, आणि म्हणून घर व जमीन कोणाची, ही त्याची तीन टोके.

'मारिमार' ही तेलेविसा कंपनीची १९९४ ची मालिका या बाबतीत नमुनेदार आहे. समुद्रकाठी झोपडीत आजी-आजोबांजवळ वाढलेली एक निरक्षर मुलगी; जवळच्या मोठ्या जमीनदारीचा वारस सेर्हिओ; त्या दोघांचे लग्न; आणि सासरी तिचा होणारा छळ. सेर्हिओची सावत्र आई आंहेलिका ही चिखलात पडलेले कंकण मारिमारला दातांनी उचलायला लावते, हा प्रसंग या मालिकेच्या प्रेक्षकांपैकी कोणी विसरला नसेल. पुढे झोपडी जाळली जाते, आजी-आजोबा मरतात, मारिमार राजधानीत जाते आणि तिथे तिचा खरा पिता भेटतो. तो धनाढ्य आहे. मारिमार त्याची वारस ठरते, नव्या नावाने परत येते आणि ज्या घराने तिला हाकलले त्या घराची जमीनदारी आपल्या ताब्यात आणते. थालिया या अभिनेत्रीने रंगवलेली ही नायिका फिलिपाइन्सपर्यंत लोकप्रिय झाली.

या कथानकाची थट्टा करणे सोपे आहे. योगायोगांची रेलचेल, अश्रूंचा पूर आणि अतिरंजित खलनायिका हे दोष शोधायला समीक्षकाची गरज नाही. आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्यातील ओळख पटण्याची क्रिया. अभिजात नाटकात ओळख पटली की सत्य कळते. तेलेनोव्हेलात ओळख पटली की सत्याबरोबर सातबाराही मिळतो. समाजव्यवस्थेने जो वाटा नाकारला तो कथानक मिळवून देते. ही स्वप्नरंजनाची वाट खरीच. परंतु त्या स्वप्नातली मागणी स्पष्ट आहे. मारिमारला प्रेम हवे आहे आणि जमीनही हवी आहे, आणि जमीन मागितल्याने तिचे प्रेम खोटे ठरत नाही.

हा कथाप्रकार भारतात आला तो दोनदा आला, आणि दोन्ही वेळा वेगळ्या वेषात. पहिला वेष शिक्षकाचा होता. १९६९ साली पेरूमध्ये 'सिंप्लेमेंते मारिआ' ही मालिका सुरू झाली. खेड्यातून शहरात आलेली मोलकरीण मारिआ साक्षरतेच्या वर्गाला जाते, शिवणयंत्रावर काम शिकते आणि मोठी होते. मालिकेच्या प्रभावाने साक्षरता-वर्गांकडे आणि शिवणकामाकडे तरुण मोलकरणींचा ओढा वाढल्याचे दिसले. मेक्सिकोचे मिगेल साबिदो यांनी त्यावरून एक पद्धत बसवली. मालिकेत तीन प्रकारची पात्रे ठेवायची: इष्ट वर्तनाची, अनिष्ट वर्तनाची आणि या दोहोंमध्ये घोटाळत हळूहळू इष्टाकडे वळणारी. प्रेक्षकाने या तिसऱ्या पात्राबरोबर चालावे, अशी कल्पना. १९७५-७६ मध्ये प्रौढ साक्षरतेवर 'वेन कोन्मिगो' आणि १९७७-७८ मध्ये कुटुंबनियोजनावर 'आकोंपान्यामे' या त्यांच्या मालिका आल्या.

याच १९७५-७६ या वर्षात भारतात उपग्रहाद्वारे खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा 'साइट' हा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. कर्नाटकातील गुलबर्गा मात्र होता. ज्या हैदराबाद संस्थानात एके काळी नांदेड होते त्याच संस्थानातला हा जिल्हा. मराठवाड्याच्या सीमेपलीकडे सार्वजनिक संचासमोर गाव जमत होते, आणि अलीकडच्या गावांना त्याची अजून वाट पाहायची होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ पासून चालू असले तरी मराठवाड्याच्या दृष्टीने ते दूरचेच होते. १५ ऑगस्ट १९८२ रोजी रंगीत राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू झाले. त्याच महिन्यात तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याची आणि राष्ट्रीय पडद्याची उमर एकच आहे, असे लातूरकरांनी म्हणायला हरकत नाही.

रंगीत दूरचित्रवाणीचे पुरस्कर्ते आणि तेव्हाचे माहिती व प्रसारण मंत्री वसंत साठे हे वर्ध्याचे खासदार होते. त्यांच्या मेक्सिको-भेटीतून भारतीय मालिकेची कल्पना पुढे आली, असे सांगितले जाते. तिचे फळ म्हणजे ७ जुलै १९८४ ते १७ डिसेंबर १९८५ या काळात चाललेली 'हम लोग'. मनोहर श्याम जोशी यांनी ती लिहिली आणि पी. कुमार वासुदेव यांनी दिग्दर्शित केली. साबिदोंच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत. सुरुवातीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला, प्रेक्षक कंटाळले, तेव्हा उपदेश कमी करून कुटुंबकलह वाढवण्यात आला. मेक्सिकोतून आलेले औषध भारतीय गुळात बुडवावे लागले, असेच म्हणायचे.

'हम लोग'चा एक परिणाम आमच्या विवेचनाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. मालिकेतील भागवंती ही मद्यपी नवऱ्याचे आणि सासूचे सारे मुकाट्याने सोसणारी आई. स्त्रीने असे राहू नये, हे दाखवण्यासाठी ती घडवली होती. पुढे झालेल्या अभ्यासांत असे आढळले की पुष्कळ प्रेक्षकांनी, आणि त्यांत स्त्रियाही होत्या, भागवंतीलाच अनुकरणीय मानले. लेखकाने जिला इशारा म्हणून उभी केली तिला प्रेक्षकांनी आदर्श म्हणून घरात घेतले. मालिका शिकवते हे साबिदोंचे म्हणणे खरे ठरले. ती काय शिकवील हे मात्र लेखकाच्या हाती राहिले नाही. सोसणाऱ्या स्त्रीची मूर्ती आपल्या मनात आधीपासून इतकी पक्की बसलेली होती की तिच्यावर टाकलेला प्रकाश टीकेचा आहे की आरतीचा, हे कोणी पाहिलेच नाही.

ही मूर्ती कुठून आली? त्यासाठी मराठी परंपरेकडे वळावे लागते. क्रमशः सांगितलेली कुटुंबकथा आपल्याला दूरचित्रवाणीने दिलेली नाही. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो!' क्रमशः प्रसिद्ध झाली. पुढच्या अंकाची वाट पाहणारा मराठी वाचक तेव्हाच तयार झाला होता. यमूच्या तोंडून घराच्या आतला जाच तिथे प्रथमच इतक्या सविस्तर सांगितला गेला. दुसरा धागा रंगभूमीचा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'भाऊबंदकी' हे नाटक १९०९ चे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याभोवती ते गुंफलेले आहे. गादीसाठी काका-पुतण्यांत पेटलेला कलह हा त्याचा विषय. लोकस्मृतीत मात्र या साऱ्या प्रकरणाचे पाप 'ध' चा 'मा' करणाऱ्या आनंदीबाईच्या पदरात पडले आहे. 'ध' चा 'मा' ही आख्यायिकाच. पण आख्यायिकेची निवड बोलकी असते. गादी पुरुषांची, सैन्य पुरुषांचे, मारेकरी पुरुष, आणि एका अक्षराचा दोष बाईचा. आजच्या मालिकेतली भरजरी साडी नेसून पडद्याआड कागदपत्रे बदलणारी खलनायिका ही या आनंदीबाईचीच दूरची वंशज आहे.

तिसरा धागा मराठवाड्याचा स्वतःचा आहे. लातूर जिल्ह्यातील काटगावचे रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' ही कादंबरी १९७१ ची. गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. इथे घर कोसळते ते कोणा कपटी सुनेमुळे नव्हे. गावातील सत्ता, धंदा आणि नवऱ्याचा ताठा यांच्या पेचात ते सापडते. पेरूच्या मारिआला शिवणयंत्राने वर काढले. 'पाचोळा'तला शिंपी मात्र हातात कसब असूनही गावाच्या सत्तेपुढे पाचोळ्यासारखा उडून जातो. कुटुंबाचे दुःख कुटुंबातच निर्माण होत नाही, ते गावातून, बाजारातून आणि जमिनीतून घरात येते, ही जाण या कादंबरीत आहे. त्याच वर्षी नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे मराठी कादंबरीवरील 'धार आणि काठ' हे पुस्तक आले. फेब्रुवारी १९८२ मध्ये, राष्ट्रीय प्रक्षेपण सुरू होण्याच्या काही महिने आधी, कुरुंदकर गेले. कोणत्याही विषयाला हलका न मानणारी त्यांची बुद्धी या नव्या कथाप्रकाराच्या वाट्याला आली नाही, याची खंत वाटते.

मराठवाड्यात भाऊबंदकी हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे बांध येतो. काही भागांत त्यालाच धुरा म्हणतात. दर पेरणीला नांगराच्या फाळाने वीतभर कोरला जाणारा बांध, सामाईक विहिरीवरची पाण्याची पाळी, शेतात जायच्या वाटेवर टाकलेल्या काट्या, आणि वडिलांनी तोंडी करून दिलेली वाटणी कागदावर कधीच न आल्याने नातवांत लागलेले दावे. या भांडणांना इतिहास आहे. निजामाच्या राजवटीतील इनामे आणि वतने, १९४८ च्या मुक्तीनंतर आलेला हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५०, आणि पुढे पिढीगणिक होत गेलेले तुकडे, यांतून ती वाढली. एकराचे गुंठे झाले तसे सख्खे चुलत झाले आणि चुलत परके झाले. वाटणीसाठी तहसीलदाराकडे अर्ज, तलाठ्याकडे फेरफार, मंडळ अधिकाऱ्याची सही, मोजणीचे खांब, असा या भाऊबंदकीचा स्वतःचा शब्दसंग्रह आहे. शासनालाही ती इतकी खरी वाटते की एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात असल्याने चाललेले तंटे अदलाबदलीने मिटावेत म्हणून २०२३ मध्ये 'सलोखा' नावाची योजना काढून मुद्रांक व नोंदणी शुल्क नाममात्र करण्यात आले.

आता दुसऱ्या वेषाकडे येऊ. हा वेष व्यापाऱ्याचा होता. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा टीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाली. पुढे तिचे झी मराठी झाले. जुलै २००० मध्ये ईटीव्ही मराठी आली. २०१५ मध्ये तिचे कलर्स मराठी असे नामांतर झाले. याच जुलै महिन्यात स्टार प्लसवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि रोजची मालिका हा देशभरच्या घरांचा नेम झाला. आता साबिदोही नव्हते आणि अशोककुमारही नव्हते. कलह हाच माल होता, आणि तो संपू नये ही गरज होती. तेलेनोव्हेलाला शेवट असतो; काही महिन्यांत ती संपते. आपण तिचा कलह घेतला आणि शेवट सोडून दिला.

ईटीव्हीविषयी एक गोष्ट नांदेडकरांच्या चटकन ध्यानात येईल. या वाहिनीचे केंद्र हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत होते आणि तिची मराठी बातमीपत्रेही तिथूनच निघत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने जी राजधानी मराठवाड्यापासून दुरावली ती पडद्याच्या वाटेने परत आली. एका मराठी वाहिनीच्या हैदराबादी कचेरीतून मराठवाड्यातील तालुक्यांच्या बातम्या निघू लागल्या, ही घटना आमच्या मते इतिहासकारांनी नोंदवण्याजोगी आहे. तरीही वाहिनीचे कथाविश्व मात्र मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यातलेच राहिले.

याच वाहिनीवर २००१ च्या अखेरीस 'चार दिवस सासूचे' सुरू झाली आणि जानेवारी २०१३ पर्यंत, तीन हजारांहून अधिक भाग, चालली. रोहिणी हट्टंगडी यांची आशा देशमुख आणि कविता लाड यांची अनुराधा ही सासू-सुनेची जोडी एका पिढीच्या ओळखीची झाली. आमचे लक्ष 'देशमुख' या आडनावाकडे आहे. मराठवाड्यात देशमुख म्हणजे परगण्याच्या वतनदाराचा वारसा. वाडा, गढी आणि शिवारभर पसरलेली जमीन या नावाला चिकटलेली असते. मालिकेच्या त्या वर्षांत बराच काळ राज्याचे मुख्यमंत्रीही लातूरजवळच्या बाभळगावचे एक देशमुखच होते. मालिकेतील देशमुख घराण्याने आडनाव ठेवले, घराण्याचा रुबाब ठेवला, आणि जमीन मात्र गाळली. कलहासाठी उरले ते उद्योगसमूहाचे अध्यक्षपद, तिजोरीच्या किल्ल्या आणि स्वयंपाकघराचा ताबा. जमीन गेली तशी सातबारा, फेरफार, बांध ही भाषाही गेली. भाऊबंदकीतून भावांनाच रजा मिळाली आणि तिचे रूपांतर जाऊबंदकीत झाले. दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसण्याऐवजी दोन जावा स्वयंपाकघरात एकमेकींच्या आमटीत मीठ टाकू लागल्या. आनंदीबाईच्या वेळी घडले तेच पुन्हा घडले. मालमत्ता पुरुषांची, भांडण बायकांचे.

इथे मारिमारशी असलेला फरक उघड होतो. मराठी मालिकेच्या चांगल्या सुनेची कसोटी ठरलेली असते. इस्टेटीचे कागद तिच्या हाती येतात आणि ती ते परत करते. 'मला यातले काही नको, फक्त आपले माणूसपण हवे' अशा आशयाचे संवाद कोणत्या ना कोणत्या वळणावर येतातच. मागते ती खलनायिका. नाकारते ती नायिका. आणि माहेरच्या इस्टेटीत आपला कायदेशीर वाटा मागणारी मुलगी ही नायिका म्हणून जवळपास दिसतच नाही. या अनुपस्थितीची मुळे मालिकांपूर्वीची आहेत. १९९१ च्या 'माहेरची साडी' या चित्रपटाने ग्रामीण महाराष्ट्रात जो प्रचंड प्रतिसाद मिळवला तो आठवावा. विजय कोंडके यांच्या या चित्रपटातील अलका कुबल यांची लक्ष्मी माहेराकडे काय मागते? एक साडी. थिएटरात रडणाऱ्या बायकांचे अश्रू खरे होते, त्यांचे सोसणेही खरे होते. म्हणूनच त्या मागणीचे अल्पपण कोणाला जाणवले नाही.

आता कायद्याच्या तारखा या चित्राशेजारी ठेवून पाहाव्यात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला पित्याच्या स्वतःच्या हिश्शात वारसा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत ती जन्माने सहदायाद नव्हती. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून आपल्यापुरती दुरुस्ती करून त्या तारखेपर्यंत विवाह न झालेल्या मुलींना मुलांच्या बरोबरीने जन्मजात हक्क दिला. म्हणजे ज्या वर्षी मेक्सिकोच्या पडद्यावर मारिमारला वारसा मिळाला त्याच वर्षी मराठी मुलीला तो कायद्याने मिळाला. तिला त्यासाठी हरवलेला धनाढ्य बाप सापडण्याची गरज नव्हती. बाप घरातच होता. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने हा हक्क विवाहित-अविवाहित भेद न करता देशभर लागू केला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की २००५ साली पिता हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मानेच आहे. १९९४ ते २००५ हा कायद्याचा, आणि १९९९ ते २०१३ हा दैनंदिन मालिकेच्या भरभराटीचा काळ. दोन्ही एकमेकांवर पडतात. मराठी कुटुंबाविषयी इतके तास, इतके भाग बोलले जात असताना कुटुंबाच्या रचनेत झालेल्या सर्वांत मोठ्या कायदेशीर बदलाविषयी पडदा जवळपास गप्प राहिला.

पडद्याबाहेर काय घडत होते? बाप वारला की तेराव्यानंतर तलाठ्याकडे वारसांची नोंद होते. त्यात बहिणींची नावे लागतात, आणि मग हक्कसोडपत्राचा विषय निघतो. बहिणीने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन मोबदला न घेता भावाच्या नावे आपला हिस्सा सोडायचा. त्यावरून फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरचे तिचे नाव कमी होते. हे कोणी दंडेलीने करवते असे नेहमीच नसते. 'माहेर तुटेल' एवढे वाक्य पुरते. भाऊबीज, पंचमीचे बोलावणे, बाळंतपण, नवरा गेला तर टेकायला एक उंबरा, या सर्वांची किंमत तिच्या मनात त्या गुंठ्यांहून जास्त असते, आणि तिचा हा हिशेब मूर्खपणाचा नाही. कोरडवाहू सोयाबीनच्या दोन एकरांत भावाचेच भागत नाही, हेही तिला दिसत असते. सही होते, भाऊ साडीचोळी करतो. वाट्याऐवजी साडी.

आम्ही असे म्हणत नाही की मालिका पाहून बहिणी सह्या करतात. ही रीत मालिकांहून पुष्कळ जुनी आहे. आमचे म्हणणे एवढेच की ज्या क्षणी कायद्याने या रीतीला पहिल्यांदा प्रश्न विचारला, त्या क्षणी मराठीतील सर्वांत अधिक पाहिल्या जाणाऱ्या कथाप्रकाराने रीतीची बाजू घेतली. ती उघडपणे घेतली असती तर वाद झाला असता. त्याने ती सद्गुणाच्या रूपाने घेतली. सही करणाऱ्या बहिणीला रोज रात्री सांगितले गेले की नाकारणारी स्त्रीच मोठी. भागवंतीच्या बाबतीत लेखकाला नको असलेला आदर्श प्रेक्षकांनी उचलला होता. इथे लेखक आणि प्रेक्षक यांचे एकमत झाले.

या म्हणण्यावर रास्त आक्षेप येऊ शकतो. मालिकांनी स्त्रियांना काहीच दिले नाही का? दिले आहे, आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल. 'आभाळमाया'तील सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी ही प्राध्यापक होती. नवऱ्याच्या दुसऱ्या संबंधानंतरही ती आपल्या पगारावर आणि आपल्या बुद्धीवर उभी राहिली. १९९९ मध्ये ते चित्र साधे नव्हते. भारनियमनाच्या वर्षांत रात्री चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीकडे पाहणाऱ्या बायकांना या मालिकांनी एक सामाईक भाषा दिली. दुसऱ्या घरातल्या सासूविषयी बोलता बोलता आपल्या घरातल्या सासूविषयी बोलण्याची सोय झाली. जिला स्वतःच्या दुःखाची वाच्यता करण्याची मुभा नाही, तिच्यासाठी परक्या नायिकेचे दुःख हे आडोशासारखे उपयोगी पडते. मेलोड्रामाची ही ताकद आम्ही मान्य करतो. पण आडोसा म्हणजे घर नव्हे. सुधाला पगार होता. पगार नसलेल्या, शेतात राबणाऱ्या बाईला आधार जमिनीचाच असू शकतो, आणि नेमका तोच पडद्यावरून पुसला गेला होता.

दुसरा आक्षेप असा की जमीन आणि प्रेम यांचा संबंध मराठी पडद्याने दाखवलाच नाही असे नाही. नागराज मंजुळे यांचा २०१६ चा 'सैराट' आहेच. तो खरोखरच अपवाद आहे. करमाळ्याकडच्या या कथेत आर्चीचे घर ऊस, सत्ता आणि जात यांच्या आधाराने उभे आहे, आणि ती प्रेम करते तेव्हा ते सारे तिच्या विरोधात उभे राहते. पळून गेलेले दोघे हैदराबादला पोहोचतात, हेही या लेखाच्या संदर्भात अर्थपूर्ण वाटते. शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात आणि पुढे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. माहेरच्या साडीचा हा सर्वांत भयंकर अर्थ आहे. ज्या घराने साडी द्यायची त्याच घराच्या हाती तिचे मरण असते, हे 'सैराट'ने दाखवले. पण तो तीन तासांचा चित्रपट होता. रोजच्या रोज घरात येणाऱ्या कथेने ही वाट धरली नाही.

हे सर्व साहित्याच्या अभ्यासकांनी का पाहावे? कारण कथनाचे प्रकार निरागस नसतात, हे आपणच वर्गात शिकवतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही १९९४ सालचेच. त्या वर्षानंतर जन्मलेल्या मुली आज त्याच्या महाविद्यालयांतून एम. ए. होऊन बाहेर पडल्या आहेत. त्या 'पण लक्षांत कोण घेतो!' वाचतात, यमूच्या केशवपनाने अस्वस्थ होतात आणि हा अन्याय जुन्या काळचा होता असे उत्तरपत्रिकेत लिहितात. त्यांच्यापैकी किती जणींना आपण जन्माने सहदायाद आहोत हे ठाऊक असते? हा शब्द त्यांना कोणत्याही कथेने शिकवलेला नाही. कायदा हक्क देतो. तो हक्क मागणे शोभते की नाही हे कथा ठरवते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मालिकेला नाके मुरडण्याऐवजी तिची संहिता वाचावी, 'पाचोळा'शेजारी ठेवून वाचावी. कोणत्या पात्राच्या तोंडी प्रमाण भाषा आहे आणि कोणाच्या तोंडी आपली बोली केवळ हशासाठी ठेवली आहे, ते पाहावे. घर कोणाच्या नावावर आहे, कागद कोणाकडे आहेत, सही कोण करते, आणि सही केल्यावर पार्श्वसंगीत कोणत्या सुरात वाजते, हे टिपून ठेवावे. मराठीत अजून एक कथा लिहिली जायची आहे. तिच्यात बहीण भावावर माया करील, पंचमीला माहेरी येईल, झोका खेळेल, आणि तरीही कागदावर सही करणार नाही. ती कथा लिहिणारी व्यक्ती औसा, उदगीर, कंधार किंवा देगलूरची असेल तर तिला शब्द शोधत दूर जावे लागणार नाही. ते सगळे तलाठ्याच्या दप्तरात आणि आईच्या बोलण्यात आहेत.